आठ फेऱ्यांचा कागद

भेटवस्तू उघडायला इंदुअक्कांना अकरा मिनिटं लागतात. आकडा माझा आहे. मी घड्याळ लावून पाहिलं आहे. आधी चष्मा. मग एक जुनं ब्लेड, ज्याची एक कड पुठ्ठ्यात बसवलेली आहे. मग कढत पाण्याची स्टीलची वाटी. ही वाटी चिकटपट्टीवर ठेवायची, खालचा डिंक मऊ होईपर्यंत थांबायचं आणि ब्लेडच्या टोकाने पट्टी अलगद उचलायची. कागद फाटत नाही. आत काय आहे, हे बघण्याची त्यांना घाई नसते. मागच्या वर्षी आम्ही दिलेलं भिंतीवरचं घड्याळ दोन दिवस त्यांच्या सोफ्यावर पडून होतं. त्याचा कागद मात्र त्याच संध्याकाळी इस्त्री होऊन ट्रंकेत गेला.

"अक्का, घड्याळ आवडलं का?" माझ्या बायकोने विचारलं.

"कागद फारच छान होता," अक्का म्हणाल्या.

आमच्या इमारतीतली मुलं वाढदिवसाला त्यांना घाबरतात. केक कापून झाला, एखाद्या मुलाने खोक्याच्या कागदाला हात घातला की मागून आवाज येतो, "स्वल्प थांबा!" सगळी पार्टी थांबते. अक्का पुढे येतात, पिशवीतून ब्लेड काढतात आणि यजमानीणबाईंकडे गरम पाणी मागतात. गेल्या महिन्यात दुसऱ्या मजल्यावरच्या पाच वर्षांच्या मुलाला सात खोकी मिळाली होती. चौथ्या खोक्याला तो झोपला.

बंगळुरूत के. आर. पुरमच्या या इमारतीत अक्का तिसऱ्या मजल्यावर एकट्या राहतात. आम्ही दुसऱ्यावर. अक्कांचं आडनाव राव. घराणं साडेतीनशे वर्षांपूर्वी इकडे आलं, असं त्या सांगतात. पुरावा काय, असं मी एकदा विचारलं. "अजून इथंच आहोत, हा पुरावा पुरत नाही?" असं उत्तर मिळालं. त्यांच्या मराठीत 'सरी' म्हणजे बरं आणि 'स्वल्प' म्हणजे जरा, हे कन्नड शब्द घरच्यासारखे बसलेले आहेत. मी वर्तमानपत्राच्या डेस्कवर काम करतो. मी संपादक नाही, हे सहा वर्षं सांगतो आहे, आणि सहा वर्षं त्या मला संपादक म्हणत आल्या आहेत.

त्या एका सरकारी कारखान्यात तेहतीस वर्षं इन्स्पेक्शनला होत्या. टेबलावर तीन शिक्के असत: पास, रीवर्क, रिजेक्ट. तिसऱ्या शिक्क्याची शाई वाळून जायची, असं त्या अभिमानाने सांगतात. "भंगारात टाकायला अक्कल लागत नाही, संपादक. बघून सांगायला लागते. बहुतेक मालाचं रीवर्क होतं." हे मत त्यांनी निवृत्तीनंतर कारखान्याच्या फाटकातून बाहेर आणलं. करपलेल्या दुधाचं रीवर्क होतं. सीएच्या परीक्षेत तिसऱ्यांदा नापास झालेल्या शेजाऱ्याच्या मुलाचं होतं. त्यांच्या स्वतःच्या उजव्या गुडघ्याचंही होतं, फक्त डॉक्टर म्हणतात ती तारीख त्यांना सोयीची नसते.

सणासुदीला नवी वस्तू विकत आणणं हे त्यांच्या हिशेबी रिजेक्ट मारण्यासारखंच. त्यांचा आकाशकंदील लग्नपत्रिकांचा आहे. जाड, लाल, सोनेरी कडांच्या पत्रिका त्या वर्षभर जमवतात. त्यातल्या एका जोडप्याचा घटस्फोट होऊन चार वर्षं झाली. कंदिलात ती दोघं अजून शेजारी शेजारी आहेत. डिसेंबरात याच कंदिलाला पुठ्ठ्याची पाच टोकं लागतात आणि तो तळमजल्यावरच्या डिसूझांकडे नाताळची चांदणी होऊन जातो. जानेवारीत टोकं काढून परत. डिसूझाबाई चांदणी परत करताना सोबत केकचा तुकडा देतात. केक ज्या खोक्यातून येतो, ते खोकं अक्का दसऱ्यात इकडे घरोघरी मांडतात त्या बाहुल्यांच्या पायऱ्यांना लावतात.

पण अक्कांची खरी ख्याती आहे ती फराळाच्या कागदाची.

दिवाळीत त्या इमारतीतल्या प्रत्येक घरी कोडबळे पाठवतात. आपल्या कडबोळ्यांचा हा इकडचा भाऊ, तांदळाचा आणि जास्त तिखट. डबा पुठ्ठ्याचा, आणि त्याला ट्रंकेतला इस्त्री केलेला कागद. डबा तुमचा. कागद परत. तुळशीच्या लग्नाआधी, न फाडता, स्वतः आणून द्यायचा.

प्रत्येक कागदाच्या मागच्या बाजूला, कोपऱ्यात, पेन्सिलीने आखलेला एक छोटा चौकोन असतो. त्यात आठ ओळी. कारखान्यात प्रत्येक मालाबरोबर एक रूट कार्ड फिरतं. माल कुठून कुठे गेला, कोणाच्या हातून गेला, याच्या त्यावर सह्या असतात. हे कागदाचं रूट कार्ड. कागद परत करणाऱ्याने दर दिवाळीला एका ओळीवर तारीख घालून सही करायची. सही होईपर्यंत अक्का आत जातात आणि कापी, म्हणजे कॉफी, घेऊन येतात. फिल्टरची, पितळी वाटीपेल्यात. नको म्हणायची सोय नसते, कारण तोवर पेन्सिल त्यांच्याकडे गेलेली असते आणि तारीख राहिलेली असते. आठ ओळी भरल्या की कागद निवृत्त होतो. मग त्याची फुलं होतात, तोरणं होतात, पण त्यात पुन्हा काही गुंडाळलं जात नाही. नियम म्हणजे नियम.

इमारतीतल्या लोकांनी याला चिक्कूपणा असं सरळ नाव दिलं होतं. मीही त्यात होतो.

यंदा सोसायटीचा सेक्रेटरी आहे कौस्तुभ. पुण्याचा, वय बत्तीस, एका सॉफ्टवेअर कंपनीत. मुलगा सज्जन आहे आणि कुठलीही अडचण दिसली की त्याचे हात शिवशिवतात. दिवाळीआधीच्या बैठकीत तो म्हणाला, "काकूंचा इश्यू काय आहे, बघा. त्यांचा सोडून चोवीस फ्लॅट्स. प्रत्येक जण वर जाणार, बेल वाजवणार. काकूंचा गुडघा बघता हे चोवीस वेळा उठणं बरोबर नाही. आपण लिफ्टपाशी एक बॉक्स ठेवू. सगळ्यांनी कागद त्यात टाकायचे. शेवटी आपण एकदम नेऊन देऊ. सिंपल."

ठराव एकमताने झाला. माझाही हात वर होता. अक्का बैठकीला नव्हत्या. गुडघा दुखत होता.

बॉक्स उत्तम होता. वर 'इंदुकाकूंचे कागद' असं छापलेलं, कागद चुरगळू नये म्हणून रुंद फट. ग्रुपवर सूचना गेली, तिला अंगठे आले. भाऊबीजेनंतर चार दिवसांत बॉक्स भरला. इतक्या वर्षांत कागद इतक्या वेळेवर कधीच परत आले नव्हते, हे कौस्तुभने मला दोनदा सांगितलं. अक्कांच्या मुलाला, श्रीधरलाही त्याने ही व्यवस्था कळवली होती. श्रीधर बेळ्ळंदूरला राहतो. अंतर बारा-तेरा किलोमीटर, पण रिंग रोडवर ते किलोमीटरमध्ये मोजत नाहीत. वर्षातून दोनदा येणं होतं: लक्ष्मीपूजनाला, आणि नंतर मुलीला घेऊन कागद परत करायला.

रविवारी सकाळी कौस्तुभ आणि मी बॉक्स घेऊन वर गेलो. अक्कांनी दार लगेच उघडलं. इस्त्रीची साडी, केसांत अबोलीचा गजरा. टेबलावर मोठ्या ताटात धुतलेले पेले उपडे घालून ठेवले होते, ओळीने. शेजारी कोडबळ्यांचा डबा, झाकण घट्ट.

"काकू, सरप्राइज!" कौस्तुभने बॉक्स टेबलावर ठेवला. "चोवीसच्या चोवीस. आता तुम्हाला एकदाही उठायला नको."

अक्कांनी चष्मा लावला. पहिला कागद काढला, उलटा केला, चौकोन पाहिला. दुसरा. तिसरा. सगळे पाहीपर्यंत आम्ही उभे होतो.

"सही नाही," त्या म्हणाल्या.

"म्हणजे?"

"कोणी आणला हा?"

"बॉक्समधून आला, काकू."

"सरी. मग आता कापी बॉक्सला देऊ?"

कौस्तुभ हसला. मग त्याने ताटाकडे पाहिलं आणि हसू आवरलं. मीही पाहिलं. चार दिवस हे पेले असेच मांडलेले असणार. चार दिवस कोणीही बेल वाजवली नव्हती, आणि तशी व्यवस्था आम्ही एकमताने केली होती.

तेवढ्यात बेल वाजली.

गुडघ्याचं दुखणं असलेलं माणूस इतक्या झपाट्याने दाराशी जाताना मी पाहिलेलं नाही. जाता जाता त्यांनी गजरा चाचपला. दारात डिलिव्हरीचा माणूस होता, डोक्यावर हेल्मेट, हातात एक मोठं पाकीट. बेळ्ळंदूरहून आलेलं. अक्कांनी ते घेतलं, त्याच्या मागे जिन्यात पाहिलं, आणि मग त्यालाच विचारलं, "कापी कुडितीरा?"

"इल्ला अम्मा, लेट आगुत्ते," तो म्हणाला. कॉफीला त्याला वेळ नव्हता. तो गेला.

पाकिटात निळा कागद होता, चंदेरी चांदण्यांचा. नीट घडी घातलेला. अक्कांनी तो टेबलावर पालथा घातला आणि तळहाताने सपाट करत राहिल्या. चौकोन मला दिसत होता. पहिल्या ओळीवर पेन्सिलीचे नुसते गिरगोटे. दुसऱ्या ओळीवर एक सूर्य. तिसऱ्यावर उलटा 'मि'. मग 'मिहिका', अक्षरं ओळीबाहेर गेलेली. मग नुसतं 'मिहिका', ओळीत. सहावी ओळ कन्नडमध्ये, कारण त्या वर्षी शाळेत कन्नड सुरू झालं होतं. सातवी पूर्ण नावाची, खाली रेघ मारलेली. मिहिका त्यांची नात, आता नऊ वर्षांची. आठवी ओळ कोरी होती.

"हाही रिजेक्ट," अक्का म्हणाल्या. आवाज अगदी बेताचा होता.

कौस्तुभने बॉक्स आपल्याकडे ओढला. मग म्हणाला, "काकू, रिजेक्ट नका मारू ना. रीवर्क होईल."

"कसं?"

"ते माझ्यावर सोडा."

ग्रुपवर त्याने लिहिलेला मजकूर मी पाहिला आहे. डेस्कवर आला असता तर एक शब्द कापला नसता. 'सही नसल्यामुळे सर्व कागद परत पाठवण्यात येत आहेत. प्रत्येकाने आपला कागद बॉक्समधून घ्यावा व स्वतः वर नेऊन द्यावा. कॉफी घ्यावी लागेल.' मग जिन्यात जाऊन त्याने श्रीधरला फोन लावला. दाराआडून एवढंच ऐकू आलं: "नाही हो दादा, कुरिअरने चालत नाही. त्यांची प्रोसेस आहे."

पुढचे दोन दिवस तिसऱ्या मजल्यावर वर्दळ होती. डिसूझाबाई दोनदा गेल्या. दुसऱ्यांदा म्हणे तारीख चुकली होती. सीए होऊ पाहणारा मुलगा सही करायला गेला आणि दीड तासाने खाली आला. मी माझा कागद नेला तेव्हा अक्कांनी तो उजेडात धरला आणि एका कोपऱ्याकडे बोट दाखवलं.

"घाईत उघडलात, संपादक."

"फाटला?"

"फाटता फाटता राहिला. बसा."

तुळशीच्या लग्नाच्या दिवशी सकाळी मी पुन्हा वर होतो. ओटीसाठी बायकोने बोरं-आवळे पाठवले होते. पाठोपाठ श्रीधर आला, घामाघूम, आणि आल्या आल्या म्हणाला, "आई, दीड तास. मारथहळ्ळीलाच चाळीस मिनिटं."

"मग स्वल्प बस की. लगेच परत त्याच गर्दीत कशाला जायचं?"

मिहिका तोवर टेबलापाशी पोचली होती. निळा कागद पालथा घातलेला होता, पेन्सिल टोक करून शेजारी. तिने आठव्या ओळीवर सही केली, तारीख घातली आणि पेन्सिल हातातच ठेवली.

"आज्जी, आठ झाल्या."

"झाल्या."

"मग आता हा तोरणात जाणार?"

खोलीत आम्ही तीन मोठी माणसं होतो आणि नियम सगळ्यांना माहीत होता. श्रीधर म्हणाला, "मिहू, आपण आज्जीला नवा कागद आणू. असाच, निळा."

"नवा कशाला?" अक्का म्हणाल्या. "रीवर्क होतं."

त्या उठल्या, ट्रंकेशी गेल्या आणि कागदाची एक लांब पट्टी घेऊन आल्या. पांढरी, कडा ब्लेडने कापलेल्या. चौकोनाच्या खाली त्यांनी ती अंदाज न घेता, एका फटक्यात बरोबर चिकटवली. माप आधीच घेतलेलं असणार. पट्टीवर ओळी आखून ठेवलेल्या होत्या. मिहिकाने तळहाताने ती दाबून धरली, अगदी आज्जी धरते तशी.

अक्का कापी आणायला आत गेल्या. मी ओळी मोजल्या. डेस्कची सवय म्हणून पुन्हा एकदा मोजल्या. बावीस होत्या. अक्कांना आता त्र्याहत्तरावं चालू आहे.

"काय मोजता, संपादक?" आतून आवाज आला. "पेले घ्या जरा. चार."