हाकू

दारातल्या दोन गाड्यांपैकी विकायची कोणती, हे मी एका दुपारी सिद्ध करून दाखवते, असं मी जेवताना जाहीर केलं. कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवते मी, उगाच नाही!

पेट्रोल महागलं होतं ते साल. मामंजींची अँबॅसडर आणि आमच्या ह्यांची फियाट, दोन्ही पोसणं जड जाऊ लागलं. फियाटचं स्टीअरिंग हलकं, गिअर लोण्यासारखे. अँबॅसडर वळवायची म्हणजे म्हैस गोठ्यात मागं सरकवायची! पण खड्ड्यातून ती पाळण्यासारखी जाई आणि तिचे सुटे भाग कुठंही मिळत. मामंजींची हरकत एकच होती.

"फियाटमदी हिचा पाय मावंल का?"

आत्याबाईंचा, म्हणजे माझ्या सासूबाईंचा, गुडघा वाकत नसे. अँबॅसडरच्या मागच्या सीटवर त्या पाय लांब करून बसत. मी शांतपणे म्हटलं, "मामंजी, पाय हा या प्रयोगाचा विषय नाही."

प्रयोग सोपा होता. टाक्या रिकाम्या करून दोन्हींत मापून एकेक लिटर घालायचं आणि अक्कलकोट रस्त्याला लागायचं. आधी बंद पडेल ती विकायची. परतीच्या पेट्रोलचा मोठा डबा अँबॅसडरच्या डिकीत ठेवला, त्याच्या दिमतीला गॅरेजातला चनबसप्पा दिला. तो कर्नाटकातून नुकताच आलेला, मराठी जेमतेम. मामंजी गाडी चालवणार, आत्याबाई मागे. वजन सारखं व्हावं म्हणून फियाटमध्ये मी ज्वारीचं पोतं चढवलं. विज्ञानात पक्षपात चालत नाही!

वाटेत मेंढरं आडवी आली तेव्हा चनबसप्पा खाली उतरलेला दिसला. चाक बघत असेल, असं वाटलं.

कुंभारीच्या पुढे फियाट उचक्या देऊन थांबली. अँबॅसडर शेजारून निघून गेली. मागच्या काचेतून आत्याबाईंनी हात हलवला. "थांबतील आता," हे म्हणाले. मामंजी थांबले नाहीत, आणि डबा त्यांच्याकडे! आम्ही बाभळीखाली बसून राहिलो. येणारेजाणारे पोतं बघून ज्वारी कशी दिली म्हणून विचारू लागले. पहिल्या काहींना ह्यांनी नाही म्हटलं. मग भाव सांगायला लागले.

उन्हं उतरली तशी अँबॅसडर समोरून आली. आत्याबाईंच्या मांडीवर अक्कलकोटच्या बहिणीनं दिलेल्या शेंगापोळ्या होत्या आणि चेहरा माहेरवाशिणीचा. एका लिटरात अक्कलकोटला जाऊन परत! मी डिकी उघडली. डबा रिकामा.

चनबसप्पा गोंधळला. "साहेबच म्हणाले की, हाकू, हाकू. ओतलो."

गाडी हलवण्याआधी मामंजी नेहमी "हाकू का?" म्हणत, बैलगाडीच्या दिवसांपासूनची सवय. कन्नडमध्ये 'हाकू' म्हणजे 'घाल'. मामंजी प्रत्येक थांब्यावर हाकू म्हणाले, तो प्रत्येक थांब्यावर ओतत गेला!

"मामंजी, तुम्हाला कन्नड येत नाही?"

"आमाला? न्हाय की."

मग मागे वळून त्यांनी हळूच विचारलं, "काल नोयतद एन?"

पाय दुखतोय का, एवढं कन्नड मलाही कळतं. आत्याबाईंनी हसून मान हलवली. लग्न होऊन आल्या तेव्हा त्यांना मराठीचा शब्द येत नव्हता, हे मला तेव्हा आठवलं. संसार कुठल्या भाषेत सुरू झाला असेल, हे शोधायला प्रयोग लागत नाही.

नियम तो नियम. आधी फियाट बंद पडली होती. तिला दोरानं बांधून अँबॅसडरनंच घरी आणलं. पुढं ती विकली.

ज्वारी तर ह्यांनी बाभळीखालीच विकली होती.