गाडीखालची चार बोटं

वसंतअण्णा माने रस्त्यावर पालथे का पडतात, असं मला पूर्वी कुणीही विचारायचं आणि मी हसून वेळ मारून न्यायचो. आता अण्णा नाहीत, विचारणारेही उरले नाहीत. इतकी वर्षं टाळलं, कारण सांगायला बसलो की गोष्टीत मी येतो.

अण्णा सत्तरीपुढचे. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, पायात चपला, अंगात विलक्षण घाई. बंगळुरातल्या एचएसआर लेआउटमध्ये आम्ही दोघं सकाळी फिरायला जायचो. रस्त्यात स्पीडब्रेकर आला की अण्णा थांबायचे. मी पुण्याचा, म्हणून स्पीडब्रेकर म्हणतो. ते इथल्यासारखं हंप म्हणत. चष्मा काढून माझ्या हातात द्यायचे, मागून वाहन येतंय का बघायला मला उभं करायचे आणि सरळ पालथे पडून गाल डांबराला लावायचे. एक डोळा मिटून हंपाची उंची न्याहाळायचे. मग हाताची चार बोटं आडवी लावून बघायचे. एकदा एक रिक्षावाला घाबरून थांबला आणि पडलात का म्हणून विचारू लागला. अण्णांनी मान न उचलता त्याला 'स्वल्प', म्हणजे जरासं, बाजूला व्हायला सांगितलं. त्याच्या रिक्षेने उजेड अडत होता.

हे सगळं एका गाडीसाठी. अण्णांच्या मुलाने, किरणने आपली कंपनी विकली, त्या आनंदात ही गाडी आणली, आमच्या इमारतीच्या तळघरात उभी केली आणि वर्षभरात नव्या नोकरीसाठी परदेशी निघून गेला. गाडी मुळात शर्यतीची. बनवणाऱ्यांनी ती नंबरप्लेट लावण्यापुरती माणसाळवली आणि साऱ्या जगात मोजक्याच विकल्या. आत रेडिओ नाही, पायाखाली गालिचा नाही, काच खाली होत नाही. दार आतून उघडायला हँडलऐवजी कापडी पट्टी. एवढ्या महागाच्या गाडीला साधं हँडल नाही, असं मी म्हणालो तर अण्णांनी माझ्याकडे कीव आल्यासारखं बघितलं.

"वजन, लेलेसाहेब. हँडलला वजन असतं."

त्या गाडीच्या पोटाखाली चार बोटं जागा. त्यामुळे अण्णांनी साऱ्या जगाकडे खालून बघायला सुरुवात केली. पार्किंगमध्ये प्रत्येकाच्या गाडीखाली वाकायचे. माझ्या गाडीखाली बघून म्हणाले, "हिच्याखालून कुत्रं छत्री उघडून जाईल." आम्ही नवा सोफा घेतला, तर त्यावर बसण्याआधी खाली डोकावून त्यांनी सहा बोटं असा निकाल दिला आणि मग चहा मागितला.

माने मंडळी बंगळुरात किती पिढ्यांपासून आहेत, हे अण्णांनाही नक्की सांगता यायचं नाही. जन्म इथल्याच शिवाजीनगरातला, मराठीत निम्मं कन्नड, 'बरं'च्या जागी 'सरी'. कुठल्याही बोलण्याचा शेवट "सरी, पण खालून बघितलं का?" या प्रश्नाने व्हायचा. गॅस सिलिंडर उशिरा आला, पाणी गढूळ आलं, असोसिएशनची निवडणूक झाली, सगळ्याला तोच प्रश्न.

दर रविवारी सकाळी अण्णा गाडी सुरू करायचे. बसायला आणि उतरायला वॉचमनची मदत लागायची. तो काखेत हात घालून त्यांना बाहेर ओढायचा, विहिरीतून काढावं तसं. इंजिन सुरू झालं की दुसऱ्या मजल्यावर आमची भांडी वाजायची. अण्णा धुराड्यापाशी फोन धरून किरणला आवाज ऐकवायचे. मग बागेतल्या बाकावर बसून दोघांचं बोलणं चालायचं. टायरची हवा, बॅटरी, कव्हरवरची धूळ. मी शेजारी पेपर धरून बसलेला असायचो. एकदा ऐकलं, किरण घाईत होता, तर अण्णा म्हणाले, "सरी, डावीकडच्या टायरचं पुढच्या रविवारी सांगतो." टायरला काही झालेलं नव्हतं. तो आम्ही दोघांनी आदल्याच दिवशी बघितला होता.

आवाजाच्या तक्रारी आल्या. मी असोसिएशनचा सेक्रेटरी. मुलं खेळतात म्हणून बाहेर जायच्या गेटवर हंप घालायचा ठराव झाला. कंत्राटदार महिनोन् महिने फिरकला नाही आणि सगळे तो ठराव विसरले. मीही.

मग किरण येणार असं ठरलं. चार दिवसांसाठी. रविवारी पहाटे बापलेक गाडी घेऊन शिवाजीनगरला इडली खायला जाणार होते. किरण लहान असताना अण्णा त्याला सायकलच्या दांडीवर बसवून त्याच खाणावळीत न्यायचे. एचएसआरपासून तिथवरचा प्रत्येक हंप अण्णांनी पालथं पडून बघितला होता, चष्मा धरायला मी. कुठे वळसा घ्यायचा, कुठे तिरकं चढवायचं, सारं पाठ. जिन्यात भेटेल त्याला ते सांगत होते, किरण येतोय.

माझा मुलगा मारतहळ्ळीत राहतो. वाहतूक नसली तर अर्ध्या तासावर. दिवाळीपासून त्याचं तोंड दिसलं नव्हतं.

मी कंत्राटदाराला फोन केला. शनिवारीच काम हवं म्हणालो. त्याने उंचीचं विचारलं, तर जरा चढाच घाल, असं सांगितलं.

शनिवारी दिवसभर अण्णा आणि किरण तळघरात गाडी पुसत होते. वर गेटवर डांबर ओतलं जात होतं आणि मी देखरेखीला उभा होतो. तळघराच्या झरोक्यातून दोघांचं हसणं ऐकू येत होतं. अण्णांना मी इतकं हसताना कधी ऐकलं नव्हतं. खाली जाऊन सांगायला दहा पायऱ्या उतरायच्या होत्या. मी कामगारांसाठी चहा मागवला.

पहाटे गाडी निघाली. अर्धी इमारत गॅलरीत. पुढची चाकं हंपावरून गेली आणि गाडी पोटावर बसली. करकर असा आवाज झाला, कुणीतरी कोरडी फांदी मोडावी तसा. पाच-सहा जणांनी उचलून ती मागे घेतली. त्यात मीही होतो. खालचा पत्रा कसला, काळ्या तंतूंचा तो पातळ तक्ता होता, पार चिरला होता.

किरण ओरडला असता तर बरं झालं असतं. तो वडिलांना हळूच म्हणाला, "अप्पा, वर्षभर फोनवर सांगत होतात, रस्ता बघितलाय म्हणून. मग काय बघितलंत?"

अण्णांनी एकदा माझ्याकडे बघितलं. मग म्हणाले, "चुकलं. आपलंच दार बघायचं राहिलं."

चार महिन्यांत गाडी विकली गेली. दूरच्या एका हौशी माणसाचा ट्रक आला, त्यात ती कव्हरसकट चढली. अण्णा ट्रकच्या मागे वाकून बघत राहिले. फिरायला यायचे, पण हंपावरून इतरांसारखे चालत जायचे. रविवारी बाकावर फोन मांडीवर ठेवून बसायचे. कधीतरी उठून बागेला फेरी घालायचे, पुन्हा बसायचे. एकदा मला म्हणाले, "लेलेसाहेब, तुम्ही मुलाशी काय बोलता हो? सुरुवात कशी करता?"

अण्णांना सगळं सांगायचं म्हणून मी त्या दिवशी घरून ठरवून निघालो होतो. त्यांच्या प्रश्नानंतर मी कालच्या मॅचचं काढलं. आम्ही दोघं क्रिकेटवर बोललो. दोघांनाही त्यात गती नव्हती.

अण्णा गेले तेव्हा किरण आला. तेराव्यानंतर घर आवरून किल्ली द्यायला माझ्याकडे आला. दारातच उभा राहिला.

"काका, त्या दिवशी सगळ्यांसमोर मी त्यांना बोललो. पण अख्खं गाव बघितलं आणि स्वतःचं गेट विसरले, हे मला अजून कळत नाही. वय झालं होतं, दुसरं काय. माझ्याच लक्षात यायला हवं होतं."

मी त्याला चहा घेतोस का विचारलं. नको म्हणाला, विमानाची वेळ झाली होती. लिफ्टचं दार बंद होईपर्यंत मी तिथेच उभा होतो आणि शब्द तोंडात तयार होते.

किरण, अप्पा गेट विसरले नव्हते. शुक्रवारी ते तिथेही पालथे पडले होते, चष्मा माझ्या हातात होता. तेव्हा गेट सपाट होतं. हंप शनिवारी मी घालून घेतला. मला माफ कर.