पूर्वलक्षी प्रभावाने एक कप

गेल्या संक्रांतीला आमच्या सोसायटीच्या हळदीकुंकवाला गेनभाऊ आले. एकटेच. इस्त्रीचा सदरा घालून बायकांच्या मधोमध खुर्चीवर बसले आणि म्हणाले, "समानतेच्या धोरणात पुरुषांना बंदी न्हाई. वाण द्या." दिलं, काय करता? तिळगूळ खाऊन, साबणाची डबी घेऊन गेले.

गेनभाऊ मूळचे चाकणकडचे. शेती सांभाळून कंपनीत तीस वर्षं शिफ्ट केली, आता मुलाकडे पिंपळे सौदागरला राहतात. संस्कृती, क्रीडा, समानता यांवर सरकारचा कुठलाही कागद निघाला, की त्याची झेरॉक्स काढायची, हिरव्या शाईने रेघा मारायच्या आणि माझ्या दारात हजर! मी सोसायटीची सांस्कृतिक सचिव. म्हणजे माइक खरखरला की शिव्या खाणारी बाई. "सचिवबाई, हे धोरणात बसतंय का?" ऐकलं की माझं डोकंच उठायचं. आरती एकदा बाई सांगणार, एकदा बुवा. रांगोळीला निम्मे पुरुष हवेत. त्यांनी स्वतः काढलेलं कमळ बघून पोरं "ऑक्टोपस, ऑक्टोपस" ओरडत सुटली. घरात मात्र धोरण लागू नव्हतं बरं का! पाण्याचा पेलासुद्धा हौसाबाईंनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, हातात द्यायचा.

प्रजासत्ताक दिनाच्या खेळांत त्यांनी कहर केला. पुरुष जिंकले की कप, बायका जिंकल्या की डबा, ही आमची रीत. "बाई काय डब्यासाठी पळती व्हय?" म्हणत ते स्टेजवरच ठाण मांडून बसले. मीही चिडले. म्हटलं, घ्या तुमची समानता! क्रिकेट जिंकलेल्या कॅप्टनच्या हातात चकलीचा सोऱ्या ठेवला. आयटीतला गडी, रडकुंडीला आला. "मॅडम, हे स्टेटसला कसं टाकू?" झालं! दुसऱ्याच दिवशी कमिटीने ठराव केला, यापुढे सगळ्यांना कप.

मला वाटलं, सुटले. तर गेनभाऊंचा अर्ज आला: "सदर ठराव पूर्वलक्षी प्रभावाने लागू करून मागील स्पर्धेचा एक कप द्यावा." कमिटी पोट धरधरून हसली. नकार कळवायला मला पाठवलं.

हौसाबाई खाली बसून भाकरीचं पीठ मळत होत्या. गेनभाऊंनी मला परातीचा काठ दाखवला. कंपनीच्या कुटुंब मेळाव्याचं बक्षीस. कोरलं होतं, "धावणे, महिला, प्रथम." आणि पुढे नाव गेनभाऊंचं, "यांची पत्नी."

"पळाली ही, नाव माझं," ते म्हणाले. "अनवाणी पळाली, बाई, नऊवारीत! तवा मीबी गावभर मिरवलो. आता रोज ती परात बघितली की लाज वाटती."

"उगा कायतरीच," हौसाबाई म्हणाल्या, पण मान वर केली नाही.

कमिटी गेली उडत! चार दिवसांनी मीच कप करून घेऊन गेले. त्यावर एवढंच: हौसाबाई. धावणे. प्रथम.

त्या पुन्हा परातीपाशीच होत्या. हात धुतले, पदराला पुसले, कप घेतला आणि स्वतःच्या नावावरून बोट फिरवत राहिल्या. काही केल्या तो खाली ठेवेनात. परातीत पीठ तसंच अर्धवट पडलेलं. गेनभाऊ दोनदा खाकरले. मग बाह्या सारल्या आणि परातीपुढे जाऊन बसले.

"पानी बेतानं घाला," हौसाबाई कपावरची नजर न काढता म्हणाल्या. "आन् नीट मळा. भाकर चिरंल."