भांडायला माणसं पाहिजेत!

तुमचा विश्वास बसणार नाही, पाहुणेहो, पण आमच्या कराकल्पाक भाषेतला अख्खा ज्ञानकोश हा सागिंदिक, म्हणजे मी, एकटा हाकत होतो! इंटरनेटवरचा. कोणीही लिहावा, कोणीही खोडावा असा. पूर्वी याच बंदरात मी होडी हाकायचो. मग अराल समुद्र आटला, होड्या वाळूत बसल्या, आणि मी लेख हाकायला लागलो.

इंग्रजांच्या कोशात म्हणे एका स्वल्पविरामावरून दाढ्या पिकेपर्यंत भांडतात! रशियनांच्यात बिटाच्या सुपावरून ठरलेली लग्नं मोडतात! आणि आमच्यात? मी लिहायचो, की पुढे सामसूम. मिठागरात हाक मारावी तशी.

शेवटी कोश चालवणाऱ्या परदेशी मंडळींचा निरोप आला. "तुमच्यात चर्चाच नाही. भाषा जिवंत असेल, तर बोलून दाखवा. नाहीतर महिनाअखेर कोश बंद."

समुद्रानं जाताना निदान नोटीस तरी पाठवली नव्हती!

मी गाव चहाखान्यात गोळा केलं. म्हटलं, "माझ्याशी भांडा! लेखाखाली मला शिव्या घाला!"

"तोबा, अता!" पलमंबेट नावाडी कानाला हात लावून म्हणाला. आमच्यात वडीलधाऱ्या माणसाला अता म्हणतात. "तुम्ही गावात सगळ्यांत वडील. तुमचं खोडलं, तर लोक माझ्या मेलेल्या बापाला नावं ठेवतील."

"अरे, भाषा मरतेय!"

"मरू दे, पण अदबीनं मरू दे."

घ्या! आता मीही हट्टाला पेटलो. दगडालासुद्धा राहवणार नाही असं वाक्य लिहिलं: 'आमच्या समुद्रातला मासा उंटाएवढा असे आणि जाळ्यात आला की सलाम करी.'

पलमंबेटनं हयातभर मासे धरलेले. त्याचे ओठ थरथरले, मान लाल झाली. मला वाटलं, आता फुटतो बघा! त्यानं एका बोटानं टाइप केलं, "बरोबर आहे, अता."

त्याच्याखाली जहाजं दुरुस्त करणारा तोरेश. "बरोबर आहे, अता."

त्याच्याखाली मास्तरीणबाई झियादा. या शिकलेल्या! या तरी आडव्या लागतील! तर त्यांनी लिहिलं, "अगदी बरोबर. आमच्या माशानं घरच्यांची खुशालीसुद्धा विचारली होती."

मग काय, सगळं गाव सुटलं! बरोबर आहे, बरोबर आहे, बरोबर आहे!

दुसऱ्या दिवशी तिकडून निकाल. "हा सगळा एकच माणूस आहे. एका जागेवरून, एका सुरात, वेगवेगळ्या नावांनी लिहितो. त्याला हाकललं आहे. कोश बंद."

बघा न्याय! पोरांना चांगलं वळण लावलं, तर तो गुन्हा! एवढं भरलेलं, बोलतं गाव, आणि यांना त्यात दिसला कोण? तर एक म्हातारा! मी त्वेषानं उशीवर मूठ आपटली, तशी धूळ उडाली.

चहा ओतता ओतता आमची उल्मेकेन थांबली. चहादाणी तिनं खाली ठेवली.

"अहो, पाहुण्यांना काय सांगताय? तोरेश बिऱ्हाड घेऊन कझाकस्तानात गेला, त्याला वर्षं लोटली. झियादा लेकीकडे नुकुस शहरात. आणि पलमंबेटला गेल्या हिवाळ्यात तुम्हीच खांदा दिलात ना?"