आधी वाळू, मग वाफ

बेव्हर्ली पार्कातल्या आमच्या बिल्डिंगमध्ये कुणी घाई करताना दिसलं, की दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून आवाज येई, "अरे, आधी वाळू, मग वाफ!"

हे आमचे शेजारी सावेकाका. नोकरी सरकारी कचेरीत, जीव अमेरिकेतल्या वाफेच्या इंजिनांत. 'बिग बॉय' नावाचं इंजिन त्यांनी पाहिलं ते फक्त फोटोत. पण बोलायचे असं, की जणू कालच ते पुसून आलेत. "एका बॉयलरखाली दोन इंजिनं! ओढणारी चाकं सोळा! पुढचं इंजिन बिजागरीवर, म्हणून एवढं धूड वळणावर लचकत जातं." पाहुण्यांना चहाआधी तो फोटो मिळे.

वाळू कशाला, असं विचारलं तर म्हणायचे, "जोर असून काय उपयोग? पकड नसली की चाकं जागीच फिरतात. म्हणून ड्रायव्हर रुळावर वाळू सोडतो." सोसायटीच्या मीटिंगमध्ये तळमजल्यावरचे शहाभाई पाण्याच्या टँकरवाल्यावर भडकले, तेव्हा काका म्हणाले, "शहाभाई, चक्का घूम रहा है, गाडी वहीं है. पहले रेती डालो." कसली रेती, हे शहाभाईंना अजून कळलेलं नाही.

मग काकांच्या पत्नीला, सुमनकाकूंना, अर्धांगाचा झटका आला. बऱ्याच दिवसांनी पाय उचलू लागल्या, तर गेटपाशी टँकरचं पाणी सांडून शेवाळ धरलेलं, तिथे घसरल्या. खाली उतरणंच सोडलं. डॉक्टरांनी बजावलं, आता चालल्या नाहीत तर कायमच्या अंथरुणाला खिळतील.

एका सकाळी काकांनी समोरच्या बांधकामावरून वाळू आणली आणि चक्क कढईत भाजायला घेतली.

"अहो, माझी पोह्यांची कढई!" काकू आतून ओरडल्या.

"ओली वाळू चिकटून बसते गं, मोकळी पडत नाही. इंजिनातसुद्धा ती बॉयलरच्या माथ्यावर ठेवतात, उबेला."

काकांनी आणि मी काकूंना खाली आणलं. शेवाळ बघून त्यांनी माझं मनगट आवळलं. काका पुढ्यात उकिडवे बसले आणि काकूंच्या प्रत्येक पावलापुढे मूठभर वाळू टाकत मागे सरकू लागले. गॅलऱ्या माणसांनी भरल्या होत्या.

काकू गेटबाहेर पोचल्या.

"देखा शहाभाई?" काका ओरडले. "ऐसा इंजिन अमेरिका में भी नहीं!"

माझीही छाती फुगली होती. काका मात्र तिथेच बसले होते, वाळूच्या हातांनी डोळे पुसत.

काकूंनी चांगला हात पुढे केला. "उठा आता. कढई घासा. पोहे करायचेत मला."