चौघांचं टेबल

निमकरकाका तिघांत कुठेही जात नाहीत. तीन तिगाडा, काम बिगाडा! मी, माझी बायको मीना आणि काका असे आम्ही घराबाहेर पडलो, की काका खिशातून एक सुपारी काढतात, आमच्या नाकासमोर नाचवतात आणि जाहीर करतात, "झालो चौघं. चला!"

तिघांनी निघताना सोबत सुपारी किंवा खडा घ्यावा, ही रीत माझ्या आजीलाही ठाऊक होती. पण आजी सुपारी पिशवीत टाकून विसरून जायची. काका तिची बडदास्त ठेवतात. रेस्टॉरंटमध्ये ते 'टेबल फॉर फोर' मागतात, चौथ्या खुर्चीसमोर बशी मांडायला लावतात आणि तिच्यात सुपारी बसवतात. "तुमचे मित्र उशिरा येणार का?" असं वेटरने विचारलं, की काका गंभीरपणे म्हणतात, "नो, नो. ऑलरेडी हिअर." वेटर आमच्याकडे बघतो. आम्ही मेन्यूकार्डात तोंड खुपसतो.

काका इथे इंग्लंडात, मेडनहेडला आमच्या शेजारच्या घरात राहतात. "रिस्क कशाला?" हे त्यांचं जीवनसूत्र. लिफ्ट नको, दार अडकेल. जिना नको, पाय घसरेल. परिणामी दुसऱ्या मजल्यावरच्या डेंटिस्टचं तोंड त्यांनी अजून पाहिलेलं नाही आणि त्याने त्यांचं. स्वयंपाकघरात स्मोक अलार्म वाजेल म्हणून ते फोडणी मागच्या बागेत करतात. भर जानेवारीत कॅम्पिंगच्या स्टोव्हवर कढलं, डोक्याला माकडटोपी, आणि हिंगमोहरीचा धूर थेट पलीकडच्या बार्बराच्या वाळत घातलेल्या चादरींवर. बार्बराला कित्येक वर्षं वाटत होतं, की हा आमचा काही धार्मिक विधी आहे. त्यामुळे ती बिचारी आदराने खोकायची.

सुधाकाकू मात्र नवऱ्याच्या उलट. गाडी त्या चालवायच्या, वाट त्या चुकवायच्या आणि काका शेजारी बसून दोन्ही हातांनी सीटबेल्ट धरून ठेवायचे. तेव्हा आम्ही चौघं अर्धं इंग्लंड हिंडलो. काकू गेल्या, आणि चौथ्या जागी सुपारी आली. मीना म्हणायची, "काकूंनी आयुष्यभर झाकून ठेवला होता हो यांचा भित्रेपणा. आता उघडा पडला!"

या वसंतात काकांनी घर विकलं. कायमचे मुलाकडे नागपूरला निघाले. "जाण्यापूर्वी एकदा यॉर्क बघू या," म्हणाले. "सुधाचं राहिलं होतं."

गेलो. शेवटच्या दिवशी तर काकांच्या भीतीला नुसता बहर आला होता. कॅथीड्रलमध्ये ते भिंतीला चिकटून चालले. "एवढं उंच छत, किती जुनं! रिस्क कशाला?" मग ती अरुंद गल्ली, जिथे दोन्ही बाजूंची लाकडी घरं पुढे झुकून एकमेकांच्या कानात कुजबुजल्यासारखी उभी आहेत. जगभरचे लोक तिथे थांबून फोटो काढतात. काका त्या गल्लीतून चक्क पळाले! टोकाला जाऊन, धापा टाकत ओरडले, "सुहास, मीना, लवकर बाहेर या! शेकडो वर्षं पडायची थांबलीयत ही घरं. आपल्यासाठीच थांबली असतील!"

चहाच्या दुकानात स्कोन नावाचे गोडसर पाव खाल्ले. बशीत सुपारी होतीच. आणि मग काकांनीच आश्चर्याचा धक्का दिला. "तटावर चढू या," म्हणाले.

यॉर्कभोवतीचा जुना दगडी तट म्हणजे वर एक चिंचोळी वाट. बाहेरच्या बाजूला कठडा, पण आतल्या बाजूला काही ठिकाणी कठडाच नाही. थेट खाली उतार. "काका, रिस्क कशाला?" मी म्हटलं.

"सुधाला चढायचं होतं," एवढंच बोलून ते निघाले.

अर्ध्या वाटेवर त्यांनी खिशात हात घातला आणि जागच्या जागी थांबले. दुसरा खिसा. आतला खिसा. पहिला खिसा पुन्हा. वारा सुटला होता, आभाळ काळवंडलं होतं, मागे लोकांची रांग तुंबत होती.

"बशीत राहिली," ते पुटपुटले. "त्यांनी टेबल आवरलं असेल. टाकली असेल रे!"

"एवढंच ना?" मी वाकून वाटेवरचा एक खडा उचलला आणि नाटकातल्यासारखा त्यांच्यापुढे धरला. "हे घ्या. झालो चौघं! रीतीत खडाही चालतो."

"खडा कसा चालेल?" काका केवढ्यांदा ओरडले! त्यांनी कठडा घट्ट धरला होता. ओठ पांढरे पडले होते. आजवर मी पाहिलेली त्यांची भीती म्हणजे हौस होती. ही खरी होती, आणि ती बघून मलाही भीती वाटली. हा माणूस आता इथेच, या उघड्या कडेला कोसळला तर?

मीना पुढे झाली. तिने त्यांच्या पाठीवर हात ठेवला. "काका, काय झालं? सांगा मला."

"मुलाची वास्तुशांत होती," काका तिच्याकडे न बघता बोलू लागले. "घरातला मोठा म्हणून मला बसवलं पूजेला. सुधाचं वर्षश्राद्ध नुकतंच झालं होतं. गुरुजींनी माझ्या कमरेला सुपारी खोचली. म्हणाले, पत्नीच्या जागी ही. पूजा झाल्यावर परत द्यायची असते. मी दिली नाही."

"मग ते तिघांचं, अपशकुनाचं..."

"ते लोकांना सांगायला बरं. भित्रा म्हणून हसतात, त्याची मला सवय आहे." मग त्यांनी मीनाकडे पाहिलं. "तीन वाईट नसतात गं. तुम्हा दोघांत तिसरा म्हणून बसणं, ते जमत नाही."

मी खडा हळूच खाली ठेवला.

मग काका वळले आणि चालू लागले. कठड्याच्या बाजूला लोक उभे होते, म्हणून आतल्या, उघड्या बाजूने! एकदाही खाली न बघता. "काका, जपून!" आम्ही दोघं कठड्याला खेटून मागून ओरडतोय आणि हे पुढे. रस्ता तर त्यांनी हिरवा दिवा लागायची वाट न बघता ओलांडला.

चहाच्या दुकानात ते दारातच उभे राहिले. आत जायचा धीर होईना. वाढणाऱ्या बाईने त्यांना ओळखलं आणि एप्रनच्या खिशात हात घातला.

"युअर नटमेग, लव्ह?" ती सुपारीला जायफळ समजून म्हणाली. "किसून कस्टर्डवर घालणारच होते!"

काकांनी सुपारी घेतली, कोटाच्या बाहीने पुसली आणि मुठीत धरली. ती मूठ स्टेशन येईपर्यंत उघडली नाही.

परतीची ट्रेन भरत होती. आम्हाला चौघांचं टेबल मिळालं. मीना आणि मी एका बाजूला, समोर काका, आणि त्यांच्या शेजारी खिडकीच्या जागेवर, घडी घातलेल्या रुमालावर सुपारी. यॉर्कचा तट मागे पडू लागला. काकांनी रुमाल जरा खिडकीकडे सरकवला. खिडकीतलं दिसावं म्हणून असेल. स्वतःला नव्हे, काकूंना.

एक उंच गृहस्थ पाठीवर बॅग घेऊन डब्यातून जागा शोधत आले. रुमालाकडे बोट दाखवून त्यांनी विचारलं, "इज धिस सीट टेकन?"

काका ओशाळले. रुमाल उचलायला त्यांचा हात पुढे झाला.

"येस," मीना म्हणाली. "सॉरी, इट्स टेकन."