शिगेचं व्याज

"मन्हा मागे पारवास्ले दाणा टाकजो, बोय. पन घरना दाणा नको. दुसरास्नी राजीखुशीथीन दिधेल ऱ्हाई, तोच टाक. घरनं टाकीसन कोणी बी दानी व्हई जास."

सासूबाईंना जाऊन बरीच वर्षं झाली होती. तरी सकाळी डोक्यावर पाण्याचा पहिला तांब्या पडला की तापीबाईच्या कानात हे शब्द उमटत. कळसाडीच्या महादेवाच्या देवळापुढे पारवे येत, तापीबाई त्यांना ज्वारी टाकी, आणि त्यांनी टिपल्याशिवाय तिच्या तोंडात घास जात नसे. चातुर्मासात तर ती एकच वेळ जेवी, आणि त्या एका घासाची किल्ली पारव्यांच्या चोचीत असे.

दुसऱ्यांचा दाणा रोज आणायचा कुठून, याची सोय आपोआप झाली होती. तापीबाईचं घर लोटन पाटलांचं, भरल्या कोठीचं. गल्लीतल्या बायकांना दळणाला ज्वारी कमी पडली की त्या पायलीचं माप घेऊन तिच्याकडेच येत, आणि खळं झालं की, नाही तर हाताशी धान्य आलं की, उसनं फेडून जात. फेडताना पायलीच्या काठावर ढीग रचून आणायचा, त्याला शीग म्हणायचं, ही तिथली रीत. तापीबाई ती शीग हाताने अलगद ओढून एका डेऱ्यात टाकी आणि बाकीची पायली कोठीत ओती. शीग म्हणजे आणणारीची राजीखुशी. तो डेरा पारव्यांचा.

स्वराज्य आल्यानंतरच्या पहिल्याच श्रावणात लोटन पाटलांचा पुतण्या नवल शहाद्याहून मुक्कामाला आला. तो एका वकिलाकडे कारकून होता, आणि कोणताही नवा कायदा वकिलाच्या आधी आपल्याला कळतो याबद्दल त्याच्या मनात शंका नव्हती. शहाद्याला गेल्यापासून तो पुस्तकी मराठी बोले. भूक लागली की मात्र अहिराणीवर येई.

तो ओसरीवर बशीत चहा ओतत असताना शेजारची धनुबाई उसन्या दोन पायल्यांतली एक फेडायला आली. तापीबाईने शीग डेऱ्यात ओढली आणि पायली कोठीत रिकामी केली. नवलने बशी खाली ठेवली.

"काकी, परत काय घेतलंत?"

"पायलीभर ज्वारी. धनूनी नेयेल व्हती."

"पायली आणि वर शीग. मुद्दलाहून जे अधिक, ते व्याज. मग तो पैसा असो की धान्य. व्याजाने देणं म्हणजे सावकारी, आणि परवान्याशिवाय सावकारी म्हणजे गुन्हा. नवा कायदा आहे."

धनुबाई पदर तोंडाला लावून हसली. "तापी, तू सावकार व्हई गयी वं. आते माडी बांध."

तापीबाई हसली नाही. "हाऊ कायदा कोना शे? गोरास्ना का आपला?"

"झाला तेव्हा गोरे होते. आता आपलंच सरकार चालवतं."

"मंग झायं," तापीबाई म्हणाली. आवाज तिचा नेहमी हळूच असे, पण लोटन पाटलांनी आतल्या खोलीत सुस्कारा टाकला. बायको हळू आवाजात "मंग झायं" म्हणाली की त्यापुढे कोणाचं काही चालत नाही, हे त्यांना लग्नापासून ठाऊक होतं. एकदा त्या दोन शब्दांपायी त्यांनी एक वर्ष वांगी सोडली होती.

तापीबाईने डेऱ्यावर झाकण ठेवलं आणि वरून फडकं बांधलं. आतली ज्वारी आता व्याजाची होती. ती देवापुढच्या पारव्यांना घालणं दूरच, तिच्याकडे बघणंही बरं नव्हे.

दुसऱ्या दिवशी कौसाबाई पायली फेडायला आली. तापीबाईने स्वयंपाकघरातून लाटणं आणलं, पायलीच्या काठावरून फिरवलं, आणि वरची सगळी शीग कौसाबाईच्या टोपलीत परत लोटली.

कौसाबाई तिच्याकडे बघत राहिली. त्या गल्लीत ज्या घराशी पुन्हा बोलायचं नसेल, त्याच घराशी सपाट मापाने देत-घेत. कौसाबाईची चुलत जाऊ आणि त्या जावेची सासू यांच्यात सपाट मापाने तुटलेलं अजून जुळलेलं नव्हतं.

"मन्हं का चुकनं वं, बहिन?" कौसाबाईने विचारलं.

"तुन्हं काही नही. कायदा शे."

"मन्हा घरवरच निंघना का कायदा?" असं म्हणून कौसाबाईने पायली पुन्हा टोपलीत ओतली आणि सगळी ज्वारी उचलून घरी नेली. अपमान करून घेण्यापेक्षा कर्जात राहिलेलं बरं.

दुपारपर्यंत ही गोष्ट गल्लीभर झाली. संध्याकाळी धनुबाई तावातावाने आली. आदल्या दिवशी हसणारी तीच, पण आता तिच्या डोक्यावर उसन्यातली दुसरी पायली होती आणि पायलीवर एवढी शीग की चालताना दाणे गळत होते.

"ले. काल हसनू, ते शीग कमी पडनी व्हई. आज जास्ती आणी शे. फिराव तुन्हं लाटणं, दखू."

"धनू, मी लेवाव नही."

"मन्हा हातले का किडा पडनात?"

"तुन्हा हातले नही पडनात. व्याजले पडतस."

धनुबाईने पायली तशीच डोक्यावर ठेवली आणि निघून गेली. त्या रात्रीपासून दोघींचं बोलणं बंद. न बोलण्याची सवय नसल्यामुळे दोघींनाही ते फार जड गेलं.

आता तापीबाईपुढे खरा पेच होता. बांधलेल्या डेऱ्यातलं चालत नव्हतं, नवी शीग येत नव्हती, आणि पारवे देवळापुढे येऊन माना वाकड्या करून बघत होते. पारवे उपाशी म्हणून ती उपाशी. दूध-पाण्यावर होती. लोटन पाटील समोर बसून जेवायला धजेनात, म्हणून तेही ओसरीवर भाकरी हातात घेऊन चोरासारखे जेवू लागले.

"अरे नवल," ते पुतण्याला म्हणाले, "तू लावेल आग शे. तूच विझाड."

नवलने विचार केला. "बायकांनी काकींना ज्वारी नुसतीच भेट दिली तर?" आणि मग त्याचा चेहरा स्वतःवरच खूश झाल्यासारखा झाला. "नाही. कर्जदाराने सावकाराला कोणत्याही नावाने अधिक दिलं, तरी ते व्याजच. आणि गल्लीत काकींची कर्जदार नसलेली बाई आहे कोण?"

"मंग दुसरा गावथीन मांगी आणसूत."

"दुसऱ्या गावातून आणली, तर ती तुम्ही आणलेली. म्हणजे घरचीच."

"तू जेवनास का?" लोटन पाटलांनी विचारलं.

"नही ना, काका. पोट बसी गयं मन्हं," नवल म्हणाला.

तापीबाई देवघरातून बाहेर आली. "परवाना कोठे भेटस?"



"शहाद्याले," नवल म्हणाला. "पन काकी, परवाना सावकारास्ले देतस."

"मी सावकारच शे ना? तूच सांगेल शे. मंग परवाना लेसू, कायद्याखाल शीग लेसू, नि पारवास्ले टाकसू. बैल जुपा."

लोटन पाटलांनी डोक्याला हात लावला. त्यांच्या आज्याने सावकाराच्या दारात उभं राहायचं नाही म्हणून शपथ घेतली होती, आणि आता घरातच सावकार निघाला होता. पण त्यांनी बैल जुपले.

गाडी गल्लीतून वळली तेव्हा धनुबाई वाटेत उभी होती, डोक्यावर तीच पायली.

"दादा," ती लोटन पाटलांना म्हणाली, तापीबाईकडे न बघता, "तुम्हनी सावकारीणले सांगा, साहेब कर्जदारले बी इचारी. मी येस."

"तिले सांगा, बठ म्हणा," तापीबाई म्हणाली.

शहाद्यापर्यंत दोघी एकाच गाडीत, एकाच घोंगडीवर, लोटन पाटलांमार्फत बोलत गेल्या. "तिले इचारा, तिले ऊन लागस का." "सांगा, नही लागत." "तिले सांगा, पायली मांडीवरथीन खाल ठेव." "सांगा, मन्ही मांडी, मन्ही पायली." पाटलांचा घसा बसला.

सावकारी खात्याचे साहेब चष्मा पुसत होते. नवलने अर्ज पुढे केला आणि वकिलासारखा घसा खाकरला. साहेबांनी वाचलं, तापीबाईच्या कपाळावरचं कुंकू आणि उपासाने उतरलेला चेहरा पाहिला, आणि पुन्हा वाचलं.

"बाई, तुम्हाला सावकारीचा परवाना हवा?"

"हां, साहेब."

"कशासाठी?"

"पारवास्साठे."

साहेबांनी नवलकडे पाहिलं. नवलने छताकडे पाहिलं.

"बरं. भांडवल?"

"एक कोठी."

"व्याजाचा दर काय आकारता?"

"शीग."

"शीग म्हणजे शेकडा किती?"

"ते हातवर शे. ज्याना हात जितला, तितली."

साहेबांनी टाक खाली ठेवला. "बाई, दर ठरलेला नसेल तर मी अर्जात काय लिहू? आणि व्याज घेत नसाल, तर परवाना लागतच नाही. तुम्ही घरी जा. हे शेजारधर्माचं देणंघेणं आहे, सावकारी नव्हे."

"ते लिखी द्या."

"असं लिहून देण्याची तरतूद नाही."

"मंग परवाना द्या."

साहेबांनी समजावलं, रागावले, पाणी मागवलं. तापीबाई हळू आवाजात तेवढंच बोलत राहिली. "एक ते लिखी द्या, नही ते परवाना द्या. आपलं सरकार शे, साहेब. आपलाच नेम आपुन मोडाना, ते मंग कोन पाळी?" शेवटी साहेब हरले आणि म्हणाले, "ठीक आहे. मला एकदा दाखवा. देता कशी आणि घेता कशी. मग शीग किती ते ठरवू."

कचेरीच्या जमिनीवर गाडीतलं जुनं धोतर अंथरलं. धनुबाईच्या पायलीतली ज्वारी त्यावर ओतली, आणि लोटन पाटलांनी गाडीतल्या पोत्यातली आणखी थोडी त्यात मिसळली. शिपाई आणि दोन कारकून बघायला उभे राहिले.

"आधी द्या," साहेब म्हणाले.

तापीबाईने पदर खोचला, दोन्ही हातांनी ज्वारी ओंजळली आणि पायली भरली. काठापर्यंत आली तरी ती थांबली नाही. वर ढीग रचला, हाताच्या पोटाने दाबला, पुन्हा रचला, आणि मग उपाशी अंगाने कशीबशी उचलून धनुबाईपुढे धरली.

साहेब पुढे वाकले. "ही शीग का लावलीत?"

तापीबाईला प्रश्नच कळला नाही. "साहेब, मी दी ऱ्हायनू ना. सपाट पायली कोन देई? मागनारीनं तोंड पडी जाई."

"म्हणजे देतानाही शीग?"

"दिधेल पायली तशीच ऱ्हास."

"आता तुम्ही परत करा," साहेब धनुबाईला म्हणाले.

साहेबांनी तापीबाईची शीग एका वर्तमानपत्रावर ओढून घेतल्यावर धनुबाईने पायली रिकामी केली आणि पुन्हा भरली. तिचा हात लहान. ढीग झाला, पण टोक बसलं नाही, दोनदा घसरला. तिची शीग साहेबांनी दुसऱ्या वर्तमानपत्रावर ओढली. शिपायालाही मोजावं लागलं नाही. तापीबाईची शीग धनुबाईच्या शिगेहून चांगली पसाभर जास्त होती.

साहेबांनी चष्मा काढला. "बाई, व्याज तुम्ही घेत नाही. उलट कर्ज देताना वर तुम्हीच भरता. असली सावकारी कोणी करणार असेल, तर मीच पहिला कर्जदार. अर्ज नामंजूर. आणि हे कारण मी लिहून देतो, मग तरतूद असो वा नसो."

धनुबाईने तोंडाला पदर लावला. "म्हंजे मीच तुले लुटी ऱ्हायनू वं, इतला साल?" ती आता थेट तापीबाईशी बोलत होती. भांडण कधी संपलं ते दोघींपैकी कोणालाच कळलं नाही. नवल एवढा खूश झाला की त्याने साहेबांना तीनदा नमस्कार केला.

फक्त तापीबाई वर्तमानपत्रांवरच्या त्या दोन ढिगांकडे बघत राहिली. परतीच्या गाडीतही तिचा चेहरा उतरलेलाच होता.

"आते का व्हयनं?" धनुबाईने विचारलं. "सुटनी ना तू कायदामाथीन?"

"सुटनू."

"मंग तोंड का उतरेल शे?"

तापीबाईने घोंगडीच्या काठाचा दोरा ओढला. "धनू, मी देस ती शीग मोठी, तुम्हनी शीग ल्हान. म्हंजे तुम्ही आणतस ती शीग मन्हीच. मन्हाच कोठीमाथीन निंघीसन मन्हाच डेरामा येस. मी इतला साल पारवास्ले घरना दाणा टाकी ऱ्हायनू वं."

 नवलच्या मनात काही तरी आलं. लोटन पाटलांनी त्याच्याकडे असं पाहिलं की ते मनातच राहिलं.

"मंग मी देसू ना," धनुबाई म्हणाली. "कायदानी बी आते भीती नही. मन्ही पायली ले."

"नही. ती उसनी शे, ती फेडाले पाह्यजे. पारवास्ना दाणा मी मांगी लेसू, उसना नही. आज दिन बुडाना पहिले तुन्हा दारवर येसू. शब्द दिधा."

धनुबाईने तिच्याकडे डोळे मोठे करून पाहिलं. गल्लीतली प्रत्येक बाई या बाईच्या दारात उभी राहिली होती. ही कोणाच्याही दारात उभी राहिलेली कोणी पाहिली नव्हती.

"येशी?" ती म्हणाली. "मंग मी बी सांगसू, थांब जराखी, हात खरकटा शे."

"सांगजो. हुबी ऱ्हासू."

घरी पोचल्यावर तापीबाईने पाय धुतले, देवापुढे दिवा लावला. ऊन देवळाच्या भिंतीवर चढलं होतं, आणि पारवे अजून गेले नव्हते. लोटन पाटलांनी कोनाड्यातून एक तांब्याचं भांडं काढून तिच्यापुढे धरलं.

"हाई ले. मांगाले भांडं पाह्यजे ना."

तापीबाईने भांडं हातात घेतलं, त्याच्या काठावरून एकदा बोट फिरवलं आणि ते हळूच परत कोनाड्यात ठेवलं.

"भांडं नको," ती म्हणाली. "पदर बरा. पदरले माप नही नि शीग नही."

आणि डोक्यावरचा पदर सारखा करून, कोणाला हाक न मारता, ती धनुबाईच्या दाराकडे चालू लागली.